फुप्फुसविकार आणि सहव्याधी : जनुकीय माहितीवरच्या कामाच्या नोंदी

८ जानेवारी २०२४ : प्रश्नाची आखणी

दोन आजार घेतले आहेत, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होत जाण्याचा जुनाट फुप्फुसविकार) आणि आयपीएफ (कारण न कळता फुप्फुसात व्रणासारखे तंतू साचण्याचा विकार; असे तंतू साचणे म्हणजे फायब्रोसिस). दोन्हींत दम लागतो, दोन्हींत धूम्रपानाचा इतिहास वारंवार सापडतो, म्हणून दोघांना एकाच गटात टाकायचा मोह होतो. तसे करायचे नाही. एफएएम१३ए, डीएसपी आणि १७क्यू२१ या जीनोमवरच्या जागांवर जे ॲलील (जनुकीय बदलाचे एक रूप) एका आजाराचा धोका वाढवते तेच दुसऱ्याचा कमी करते. दोन्ही आजार एका 'केस'मध्ये (आजारी गटात; तुलनेचा गट म्हणजे कंट्रोल) मिसळले की तिथले परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात आणि टेबलात काहीच दिसत नाही.

सहव्याधी आठ: कोरोनरी हृदयविकार, हार्ट फेल्युअर, टाइप २ मधुमेह, पोटातले आम्ल अन्ननलिकेत उलटण्याचा विकार म्हणजे जीईआरडी, ऑस्टिओपोरोसिस, नैराश्य, स्लीप ॲप्निया आणि फुप्फुसाचा कर्करोग. दोन आजार गुणिले आठ, म्हणजे सोळा जोड्या. पहिल्या चाळणीचा उंबरठा ०.०५ भागिले १६, म्हणजे सुमारे ०.००३. निकाल बघून हा आकडा सैल करायचा नाही.

प्रत्येक जोडीला तीन वेगळे प्रश्न विचारायचे. दोन आजारांची जनुकीय पार्श्वभूमी एकूणात सारखी आहे का? हे जनुकीय सहसंबंधातून कळते. एखाद्या जागेवर दोन्ही आजारांमागे तोच एक बदल आहे का? त्यासाठी कोलोकलायझेशन. आणि एकामुळे दुसरा होतो का? त्यासाठी मेंडेलियन रँडमायझेशन, म्हणजे जनुकीय बदल उपकरणासारखे वापरून कारण तपासणे, यापुढे एमआर. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात लिहिले की घोळ होतो. सहसंबंध सापडला म्हणून 'कारण सापडले' असे लिहिणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे.

११ जानेवारी : केस कोणाला म्हणायचे

सगळ्यात जास्त पाणी इथेच मुरते, म्हणून नोंद लांब.

सीओपीडीसाठी आयसीडी-१० या रोगवर्गीकरणातले जे४३ आणि जे४४ हे कोड एका बाजूला, स्पायरोमेट्री (जोराने फुंकर मारून केलेली श्वासाची मोजणी) दुसऱ्या बाजूला. रुग्णालयातल्या नोंदींत मुख्यतः दाखल झालेले, म्हणजे तीव्र आजाराचे लोक येतात. सौम्य सीओपीडी फॅमिली डॉक्टरकडेच राहतो. स्पायरोमेट्रीत एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात सोडलेली हवा) भागिले एफव्हीसी (जोराने सोडलेली एकूण हवा) हे गुणोत्तर ०.७०पेक्षा कमी, असा सरसकट नियम लावला की वयस्कर निरोगी माणसे केसमध्ये शिरतात आणि तरुण रुग्ण सुटतात, कारण हे गुणोत्तर वयाबरोबर आपोआप घसरते. जीएलआय-२०१२ समीकरणांनी काढलेली सामान्याची खालची मर्यादा, म्हणजे झेड (सरासरीपासूनचे प्रमाणित अंतर) उणे १.६४च्या खाली, ही व्याख्या त्या बाबतीत बरी. दोन्ही व्याख्यांच्या फायली तयार ठेवायच्या आणि निकाल दोन्हींवर चालवून बघायचा.

यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-अभ्यासातली स्पायरोमेट्री ब्राँकोडायलेटर, म्हणजे श्वासनलिका रुंदावणारे औषध, न देता केलेली आहे. सीओपीडीचे निदान औषध दिल्यानंतरच्या मोजणीवर ठरते. म्हणजे नियंत्रणात नसलेला दमा इथे सीओपीडी म्हणून मोजला जातो, आणि मग ॲलर्जी, एक्झिमा वगैरेंशी 'सीओपीडीचा' संबंध दिसू लागतो. दम्याचे निदान असलेले वगळून एक फाइल वेगळी. मात्र दमा वगळण्यातही धोका आहे: ज्यांना खरोखर दोन्ही आहेत तेही जातात. त्यामुळे ही फाइल मुख्य नाही, तपासणीपुरती.

आयपीएफचे कोडिंग तर फारच सैल. जे८४.१ या कोडमध्ये आयपीएफ येतो, पण फायब्रोसिस असलेले इतर इंटरस्टिशियल आजारही येतात. केस किती शुद्ध आहेत हे तपासायला एक उत्तम मोजपट्टी आहे: एमयूसी५बी जनुकाच्या प्रमोटरमधला (जनुक चालू करणाऱ्या भागातला) एसएनपी, म्हणजे डीएनएतला एका अक्षराचा बदल, आरएस३५७०५९५०. त्याचे टी ॲलील युरोपीय वंशाच्या सर्वसाधारण लोकांत साधारण ११ टक्के असते आणि नीट निदान झालेल्या आयपीएफ रुग्णांत ३५ टक्क्यांच्या आसपास. हिशेब असा:

शुद्ध केस: ०.३५ भागिले ०.६५ = ०.५३८. कंट्रोल: ०.११ भागिले ०.८९ = ०.१२४. दोन्हींचा भागाकार, म्हणजे ऑड्स रेशो, सुमारे ४.४.
केसमध्ये ४० टक्के भलतेच आजार, आणि त्यांच्यात टीचे प्रमाण कंट्रोलइतकेच असे धरले तर केसमधले प्रमाण ०.६ × ०.३५ + ०.४ × ०.११ = ०.२५४. ऑड्स रेशो सुमारे २.८.

तर फाइलमध्ये या एसएनपीचा ऑड्स रेशो चारच्या पुढे असेल तर पुढे जायचे. तीनच्या खाली असेल तर आधी केसची यादी बघायची. एक मेख आहे. संधिवाताशी निगडित फायब्रोसिस आणि जुनाट हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस यांतही हेच ॲलील वाढलेले असते. म्हणजे ही पट्टी त्या दोन भेसळी कमी दाखवते. संधिवाताचे कोड असलेले रुग्ण वेगळे मोजायला सांगितले आहे.

१७ जानेवारी : फायलींची झडती

फायली म्हणजे जीडब्ल्यूएएसचे, अर्थात जीनोमभरच्या एसएनपींचा आजाराशी संबंध तपासणाऱ्या अभ्यासांचे, निकाल. सीओपीडीसाठी २०१९चे मेटा-विश्लेषण (अनेक अभ्यास एकत्र करून), ३५,७३५ केस आणि २,२२,०७६ कंट्रोल. आयपीएफसाठी २०२०चे, २,६६८ केस आणि ८,५९१ कंट्रोल. आयपीएफची फाइल किती लहान आहे हे एकूण संख्येपेक्षा परिणामकारक नमुनासंख्येतून चांगले कळते: ४ भागिले (१/केस + १/कंट्रोल). सीओपीडीसाठी ती सुमारे १,२३,१००, आयपीएफसाठी सुमारे ८,१४०. आयपीएफच्या रकान्यात 'संबंध नाही' असे लिहिताना ही दुसरी संख्या डोळ्यांसमोर ठेवायची.

फाइल उघडल्या उघडल्या तीन ओळखीचे एसएनपी शोधायचे. त्यावरून जीनोम बिल्ड (संदर्भ जीनोमची आवृत्ती), परिणाम दाखवणारे ॲलील आणि चिन्ह, तिन्ही एका झटक्यात कळतात.

आरएस३५७०५९५०: अकराव्या गुणसूत्रावर १२४१२२१ असेल तर बिल्ड ३७, १२१९९९१ असेल तर ३८. टी ॲलीलचा बीटा, म्हणजे परिणामाचा आकडा, आयपीएफसाठी धन हवा.
आरएस१६९६९९६८: सीएचआरएनए५ या निकोटिन ग्राहकाच्या जनुकात, बिल्ड ३७ वर पंधराव्या गुणसूत्रावर ७८८८२९२५. ए ॲलीलमुळे दिवसाच्या सिगारेटी वाढतात.
आरएस२८९२९४७४: सर्पिना१ जनुकाचे 'झेड' नावाचे ॲलील, बिल्ड ३७ वर चौदाव्यावर ९४८४४९४७.

'ए१' नावाच्या रकान्यावर कधीही विश्वास ठेवायचा नाही. काही फायलींत ते परिणामाचे ॲलील असते, काहींत संदर्भ ॲलील. रेजेनी या जीडब्ल्यूएएस सॉफ्टवेअरच्या फायलींत 'ॲलील१' म्हणजे परिणामाचे, 'ॲलील०' म्हणजे दुसरे. मिळालेली फाइल कोणी मधे बदलून दिली असेल तर तेही खरे राहत नाही. चिन्ह उलटे लागले तर सहसंबंधाचा आकडा तोच राहतो, फक्त धनाचा उणे होतो, आणि असा निकाल दिसायला अगदी सुबक असतो. फुप्फुसाच्या कार्यक्षमतेच्या फायलींत आणखी एक अडचण: तिथे बीटा वाढला म्हणजे फुप्फुस चांगले, सीओपीडीत बीटा वाढला म्हणजे आजार जास्त. टेबल एकत्र करण्याआधी सगळे 'वाढला म्हणजे वाईट' अशा दिशेला वळवून घेतले.

बोल्ट-एलएमएम या दुसऱ्या सॉफ्टवेअरने होय-नाही आजारावर चालवलेल्या फायलींत बीटा रेषीय मापात असतो, लॉग-ऑड्समध्ये नसतो. तो केसच्या प्रमाणाने (के) बदलून घ्यावा लागतो: बीटा भागिले के(१−के). के ०.०२ असेल तर भाजक ०.०१९६, बीटा ०.००१ दिसला तर लॉग-ऑड्स ०.०५१, म्हणजे ऑड्स रेशो १.०५. मानक त्रुटीही त्याच भाजकाने भागायची. हे राहून गेले तर एमआरचे आकडे पन्नासपट चुकतात आणि पी (योगायोगानेच असा निकाल येण्याची शक्यता) मात्र जसाच्या तसा राहतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

२४ जानेवारी : यूके बायोबँकचे दोन ॲरे

यूके बायोबँकमध्ये सुमारे ५ लाख लोक आहेत, भरतीच्या वेळी वय ४० ते ६९, भरती २००६ ते २०१०. त्यातल्या सुमारे ५० हजारांचे जीनोटायपिंग यूके बायलीव्ह ॲरेवर (एसएनपी वाचणाऱ्या चिपवर) झाले, उरलेल्यांचे यूके बायोबँक ॲक्सिऑम ॲरेवर. दोन ॲरे बहुतांशी सारखे आहेत. पण ते ५० हजार लोक सरसकट निवडलेले नव्हते. फुप्फुसाची कार्यक्षमता आणि धूम्रपान पाहून, दोन्ही टोकांवरचे मुद्दाम घेतले होते. त्यामुळे ॲरे ही तांत्रिक बाब राहत नाही, ती आपल्याच आजाराशी बांधलेली आहे. एखादा एसएनपी एका ॲरेवर किंचित वेगळा वाचला गेला तर तो थेट 'सीओपीडीचा एसएनपी' म्हणून वर येतो.

ॲरे कोव्हेरिएट (समायोजनाचा घटक) म्हणून टाकणे हा प्रचलित उपाय. त्याला दुसरी बाजू आहे: ॲरे ठरला तोच फुप्फुसाच्या कार्यक्षमतेवरून, मग तो समायोजित करणे म्हणजे अंशतः परिणामच समायोजित करणे. बायलीव्हचे लोक एकूण नमुन्याच्या दहा टक्केच असल्याने फरक थोडा पडतो, पण दोन्ही प्रकारे चालवून टॉपच्या जागांचे बीटा शेजारी शेजारी ठेवायचे. त्याखेरीज कधीच धूम्रपान न केलेल्या कंट्रोलमध्ये 'ॲरे' हेच लक्षण धरून एक जीडब्ल्यूएएस चालवायचा. त्यात जे एसएनपी ठळक येतील ते सगळीकडून काढायचे.

भरतीचा प्रतिसाद साडेपाच टक्क्यांच्या आसपास होता आणि आलेले लोक सरासरीपेक्षा निरोगी, कमी धूम्रपान करणारे. आयपीएफसाठी आणखी एक गाळणी आहे. निदान बहुधा साठीनंतर होते आणि निदानानंतरचे मध्यम आयुर्मान उपचाराविना ३ ते ५ वर्षे. भरतीआधीच निदान झालेले जे सापडतात ते सावकाश वाढणाऱ्या आजाराचे. भरतीनंतर निदान झालेले वेगळे ठेवले.

२ फेब्रुवारी : एलडी स्कोअर रिग्रेशन

जनुकीय सहसंबंध या पद्धतीने काढायचा; एलडी म्हणजे जवळचे एसएनपी एकत्र वारशात येणे. फक्त हॅपमॅप३ या प्रमाणित यादीतले एसएनपी, इन्फो (अंदाजाने भरलेल्या एसएनपीची खात्री) ०.९च्या वर, अल्पसंख्य ॲलीलचे प्रमाण १ टक्क्याच्या वर, सहाव्या गुणसूत्रावरचा एमएचसी (प्रतिकारशक्तीच्या जनुकांचा) भाग काढून. एलडी स्कोअर १००० जीनोम्सच्या युरोपीय नमुन्यातले. म्हणून फायलीही युरोपीय वंशाच्याच. मिश्र वंशाची मेटा-फाइल या गणितात टाकायची नाही, एलडीचा साचा जुळत नाही.

नमुनासंख्येच्या रकान्यात परिणामकारक संख्या घातली. मग लायबिलिटी (आजाराच्या सुप्त धोक्याच्या) मापात बदलताना 'नमुन्यातले केसचे प्रमाण' ०.५ द्यायचे, मूळ प्रमाण नाही. दोन्ही दिले तर एकच दुरुस्ती दोनदा होते. मेटा-विश्लेषण असेल तर प्रत्येक अभ्यासाची परिणामकारक संख्या काढून बेरीज करायची. वर ११,२५९ लोकांच्या एकूण बेरजेवरून काढलेला ८,१४० हा आकडा त्यामुळे अंदाजापुरताच. अभ्यासागणिक काढला की तो खाली येतो.

वारसाक्षमतेचा (फरकातल्या जनुकीय वाट्याचा) झेड, म्हणजे आकडा भागिले मानक त्रुटी, ४च्या वर नसेल तर जनुकीय सहसंबंध छापायचा नाही. सहसंबंध म्हणजे सहप्रसरण भागिले दोन वारसाक्षमतांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. भाजक डळमळीत असला की आकडा १च्या पुढेही जातो. तसा आला तर 'फार घट्ट संबंध' असा अर्थ लावायचा नाही, भाजक बघायचा.

आयपीएफ आणि एमयूसी५बी यांचे काय करायचे? एलडी स्कोअरची पद्धत धरून चालते की परिणाम हजारो ठिकाणी थोडाथोडा पसरलेला आहे. आयपीएफमध्ये एक एसएनपी बाकी सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला आहे. त्याच्या भोवतीचा ११व्या गुणसूत्रावरचा १० लाख बेसचा पट्टा ठेवून आणि काढून, असे दोन्ही आकडे काढले. टेबलात पट्टा काढलेला आकडा मुख्य, आणि तळाशी स्पष्ट लिहायचे की आयपीएफचा सगळ्यात मोठा जनुकीय घटक या सहसंबंधात धरलेला नाही. हे लिहिले नाही तर वाचणारा उलट समजतो.

नमुन्यांची सरमिसळ झाली असली (तेच लोक दोन्ही फायलींत असले) तरी सहसंबंधाचा आकडा बिघडत नाही, ती क्रॉस-ट्रेट इंटरसेप्ट या वेगळ्या आकड्यात जाते. पण इंटरसेप्ट वाचायचा तरी. जिथे दोन्ही फायली यूके बायोबँकच्या आहेत तिथे तो शून्यापासून दूर असणे अपेक्षित. जिथे सरमिसळ नाही असे वाटत होते तिथे दूर आला तर कोणाचे तरी कंट्रोल उसने आहेत. नावे वेगळी असलेल्या अभ्यासांतही कंट्रोल एकाच बायोबँकमधून घेतलेले असतात, हे मूळ लेखाच्या पुरवणीत सापडते, फाइलमध्ये नाही.

तपासणी म्हणून सीओपीडी आणि एफईव्ही१/एफव्हीसी ही जोडी आधी चालवली. वळवलेल्या दिशेत ती ठळक धन यायला हवी. ती आल्याशिवाय सहव्याधींकडे जायचे नाही.

९ फेब्रुवारी : धूम्रपान

सोळांपैकी बऱ्याच जोड्यांत हाच तिसरा माणूस मधे उभा आहे. हृदयविकार, कर्करोग, नैराश्य, ऑस्टिओपोरोसिस, कोणाशीही सीओपीडीचा सहसंबंध काढला की त्यात धूम्रपानाचा वाटा असतो. तो वेगळा काढायचे तीन मार्ग, आणि प्रत्येकात काही ना काही खोट.

पहिला, मूळ जीडब्ल्यूएएसमध्येच धूम्रपान समायोजित करणे. सीओपीडीच्या २०१९च्या फाइलमध्ये यूके बायोबँकसाठी पॅक-वर्षे (दिवसाची पाकिटे गुणिले वर्षे) आणि धूम्रपानाची स्थिती समायोजित केलेली आहे. तरीही पंधराव्या गुणसूत्रावरचा सीएचआरएनए५ भाग त्यात दिसतोच. लोक सांगतात ती पॅक-वर्षे ढोबळ असतात. धूर किती खोल आणि किती वेळा ओढला हे त्यात येत नाही. शिवाय धूम्रपान स्वतःच अंशतः वारशाने येते. वारशाने येणारी गोष्ट समायोजित केली की तिच्याशी निगडित एसएनपींचा आजारावर नसलेला परिणामही दिसू शकतो, बहुधा उलट चिन्हाने. त्यामुळे समायोजित फाइलमधून 'धूम्रपानाचे जनुक सीओपीडीपासून वाचवते' असा निकाल निघाला तर आधी हाच संशय.

दुसरा, समरी (एकत्रित निकालांच्या) फायलींवरूनच नंतर धूम्रपान वजा करणे. त्यासाठीच्या पद्धती एमटीकोजो किंवा जीनोमिक एसईएम. इथे 'धूम्रपान' म्हणजे नेमके कोणते, हे ठरवावे लागते. जीएसकॅन या धूम्रपानाच्या जनुकीय अभ्यासाच्या फायलींत सुरुवात, दिवसाच्या सिगारेटी, सोडणे आणि सुरुवातीचे वय अशी वेगवेगळी लक्षणे आहेत. 'सुरुवात' हे लक्षण नुसते तंबाखूचे नाही. त्याचा नैराश्य, लठ्ठपणा, शिक्षण, धोका पत्करण्याची वृत्ती यांच्याशी जनुकीय सहसंबंध आहे. ते वजा केले की नैराश्याचाही एक तुकडा वजा होतो. 'दिवसाच्या सिगारेटी' हे लक्षण निकोटिनच्या अधिक जवळचे, पण ते फक्त ओढणाऱ्यांतच मोजता येते. म्हणून दोन्ही वेगवेगळे वजा करून दोन रकाने. जिथे दोन्हींनंतर आकडा टिकतो त्यालाच 'धूम्रपानापलीकडचा' म्हणायचे.

तिसरा, कधीच न ओढलेल्यांत विश्लेषण. याला एक सोपी कसोटी आहे: आरएस१६९६९९६८ निकोटिनच्या मार्गानेच काम करत असेल तर न ओढणाऱ्यांत त्याचा सीओपीडीशी संबंध उरायला नको. उरला तर 'कधीच नाही' असे सांगणाऱ्यांत ओढणारे लपलेले आहेत, किंवा घरातल्या दुसऱ्याचा धूर आहे. ही कसोटी प्रत्येक नव्या फाइलवर आधी लावायची. केस घटतात, रुंद विश्वास-अंतर येते, तरी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या जोडीसाठी हाच मार्ग सर्वांत बोलका.

१६ फेब्रुवारी : कोलोकलायझेशन

कोलॉक या सॉफ्टवेअरची मूळ गृहीतके: एखादा एसएनपी फक्त पहिल्या किंवा फक्त दुसऱ्या आजाराशी जोडलेला असण्याची पूर्वशक्यता, म्हणजे पी१ आणि पी२, दोन्ही १ई-४ (०.०००१); दोन्हींशी जोडलेला असण्याची, म्हणजे पी१२, १ई-५. सगळे जण हेच ठेवतात, पण खिडकी किती रुंद यावर त्यांचा अर्थ बदलतो. १,००० एसएनपींच्या खिडकीत 'एकच सामायिक बदल', म्हणजे एच४ची पूर्वशक्यता १००० × १ई-५ = ०.०१; 'दोन वेगळे बदल', म्हणजे एच३ची सुमारे १००० × १००० × १ई-८ = ०.०१. बरोबरी. खिडकी ५,००० एसएनपींची केली तर एच४ ०.०५ आणि एच३ ०.२५. म्हणजे नुसती खिडकी रुंदावली की पारडे 'दोन वेगळे बदल'कडे पाचपट झुकते, माहिती तीच असताना. म्हणून मुख्य एसएनपीच्या दोन्ही बाजूंना २ लाख बेस, आणि प्रत्येक जागेवर पी१२ १ई-६ ठेवून पुन्हा. एच४ ०.८च्या वर दोन्ही वेळा असेल तरच नोंद.

एच४ कमी म्हणजे सामायिक बदल नाही, असे नाही. आयपीएफसारख्या लहान फाइलमध्ये वजन एच१ किंवा एच२वर (बदल एकाच आजाराचा) पडून राहते. तिथे एच४ भागिले (एच३ + एच४) बघायचे आणि बेरीजच नगण्य असेल तर 'सांगता येत नाही' लिहायचे.

कोलॉक दिशा सांगत नाही. एफएएम१३ए आणि डीएसपी इथे सीओपीडी-आयपीएफ जोडी उत्तम जुळते आणि परिणाम विरुद्ध असतो. सहव्याधींच्या टेबलात म्हणून 'जुळते' आणि 'दिशा' हे वेगळे रकाने केले.

१७क्यू२१ वगळले. तिथे सुमारे ९०० किलोबेसचा उलटलेला तुकडा आहे; त्याच्या दोन रूपांनाही एच१ आणि एच२ हॅप्लोटाइप म्हणतात, कोलॉकच्या एच१-एच२शी त्यांचा संबंध नाही. आतले एसएनपी जवळपास गठ्ठ्यानेच वारशात येतात. कोलॉक तिथे आनंदाने ०.९९ देतो, पण त्या गठ्ठ्यातले कोणते जनुक हे सांगायची त्याची ताकद नाही. एमएचसी भागही याच कारणाने बाहेर, एजीईआर हे फुप्फुसाशी निगडित जनुक तिथेच असूनही.

एका जागेवर दोन-तीन स्वतंत्र संकेत असतील तर सूझी या संकेत वेगळे करणाऱ्या पद्धतीसह कोलॉक. त्याला नमुन्याशी जुळणारा एलडी लागतो. बाहेरचा एलडी घेतला तर खोटे क्रेडिबल सेट (खरा बदल ज्यांत असावा असे एसएनपींचे गट) तयार होतात. लक्षण म्हणजे एकमेकांशी घट्ट एलडी असलेल्या दोन एसएनपींचे झेड एकदम वेगळे. सूझीतली झेड-एलडी सुसंगतीची चाचणी आधी, क्रेडिबल सेट नंतर.

२६ फेब्रुवारी : एमआर, आधी सहव्याधीकडून फुप्फुसाकडे

उपकरणे, म्हणजे कारणाशी जोडलेले एसएनपी, पी ५ई-८च्या खाली; क्लम्पिंग (एकमेकांशी जोडलेले एसएनपी गाळणे) आर-वर्ग ०.००१ आणि १० मेगाबेस. ए/टी आणि सी/जी जोडीचे, प्रमाण ०.४२च्या वर असलेले एसएनपी काढले, कारण तिथे डीएनएचा कोणता धागा हे ओळखता येत नाही. प्रत्येक एसएनपीचा एफ (उपकरणाची ताकद) म्हणजे बीटा भागिले मानक त्रुटी, त्याचा वर्ग. ५ई-८ची चाळणी लावली की तो आपोआप ३०च्या आसपास किंवा वर येतो. त्यामुळे 'एफ १०च्या वर आहे' या वाक्यातून फारसे काही सिद्ध होत नाही.

यंत्रणा नीट चालते का हे बघायला आधी टेलोमिअरची (गुणसूत्राच्या टोकाची) लांबी. आखूड टेलोमिअरमुळे आयपीएफचा धोका वाढतो, सीओपीडीत तसे दिसत नाही, हे प्रकाशित आहे. तीच दिशा इथे निघाली पाहिजे. टर्ट आणि आरटीईएल१ ही जनुके टेलोमिअर आणि आयपीएफ या दोन्ही बाजूंना असल्याने त्यांना वगळूनही चालवायचे.

जीईआरडीची उपकरणे सर्वांत त्रासदायक. त्यातले बरेच एसएनपी बीएमआय आणि नैराश्य यांच्याशीही बांधलेले आहेत. बीएमआय आणि धूम्रपानाची सुरुवात सोबत घेऊन बहुचल एमआर चालवले. इथे साधा एफ उपयोगाचा नाही, सशर्त एफ (सोबतचे घटक धरून उरलेली ताकद) बघायचा. तो १०च्या खाली गेला की बहुचल आकडा टेबलात ठेवायचा नाही, 'उपकरणे कमकुवत' असा शेरा द्यायचा. शिवाय जीईआरडीच्या केस बहुधा औषधावरून किंवा स्वतःच्या सांगण्यावरून ठरवलेल्या असतात. खोकल्यासाठी आम्लशामक गोळी दिलेला आयपीएफचा रुग्ण जीईआरडीची केस होऊन बसतो. दिशा उलटी लागण्याचे हे साधे कारण, आणि कोणतीही स्टायगर (दिशा तपासणारी) चाचणी ते पूर्ण धुऊन काढत नाही.

२९ फेब्रुवारी : एमआर, उलट्या दिशेने

आयपीएफ कारण आणि सहव्याधी परिणाम असे चालवताना आयव्हीडब्ल्यू या नेहमीच्या भारित सरासरीत एसएनपीचे वजन त्याच्या बीटाच्या वर्गाप्रमाणे वाढते. एमयूसी५बीचा लॉग-ऑड्स १.५च्या आसपास, इतर नेहमीच्या जागांचा ०.२५ धरला तर वजन ३६पट, वारंवारतेचा फरक धरायच्या आधी. नावाला डझनभर उपकरणे, प्रत्यक्षात एकाच एसएनपीचे उत्तर. म्हणून लीव्ह-वन-आउट (एकेक एसएनपी वगळून पुन्हा) इथे शोभेचा नाही, तोच मुख्य निकाल.

आणि हा एसएनपी साधा नाही. तो श्वासनलिकांत एमयूसी५बी म्यूसिनचे (श्लेष्मातल्या प्रथिनाचे) उत्पादन वाढवतो; श्लेष्मल स्वच्छतेवर त्याचा स्वतःचा परिणाम आहे. कोविडमध्ये हे स्पष्ट दिसले: टी ॲलील असलेल्यांत गंभीर आजार कमी, तर आयपीएफच्या रुग्णांत जास्त. म्हणून संसर्गाशी जोडलेल्या कोणत्याही सहव्याधीसाठी एमयूसी५बीसह आणि त्याशिवाय असे दोन आकडे. चिन्हे उलटी आली तर एकत्रित आकडा छापायचा नाही.

सर्पिना१चे झेड ॲलील सीओपीडीच्या उपकरणांतून काढले. यकृतात घडी चुकलेले प्रथिन साचते आणि फुप्फुसात तेच प्रथिन कमी पडते, अशी एकाच बदलाची दोन अवयवांवर दोन कामे. यकृतविकाराशी संबंध दिसला तर तो फुप्फुसामार्गे आलेला नसतो.

'सीओपीडी रुग्णांतल्या हृदयविकाराची जनुके' असे फक्त केसमधले विश्लेषण मागितले गेले होते. करता येते, पण आधी धोका लिहून ठेवतो. फक्त आजारी माणसे घेतली की आजाराची दोन स्वतंत्र कारणे एकमेकांशी उणे जोडली जातात: जो न ओढता आजारी पडला त्याच्याकडे जनुकीय भार जास्त असणार. मग सीओपीडीचा जनुकीय भार हृदयविकारापासून वाचवतो असे भासते. स्लोप-हंटरसारखी दुरुस्ती लावून आणि न लावून, दोन्ही आकडे दिल्याशिवाय हे टेबल बाहेर जाणार नाही.

४ मार्च : फीवॉस

फीवॉस म्हणजे एक एसएनपी घेऊन त्याचा अनेक आजारांशी संबंध तपासणे. निवडक जागा घेऊन साधारण १,८०० फीकोडवर (आजारांचे गटवार कोड). उंबरठा ०.०५ भागिले १,८००, सुमारे २.८ई-५, एका एसएनपीसाठी. जागा वाढल्या की तितक्याने आणखी भागायचा. २००पेक्षा कमी केस असलेले फीकोड सोडले. केस-कंट्रोल प्रमाण १ला १,००० असते तिथे साधे लॉजिस्टिक रिग्रेशन दुर्मीळ ॲलीलवर खोटे ठळक निकाल देते. रेजेनीत फर्थ, सेज या सॉफ्टवेअरमध्ये सॅडलपॉइंट दुरुस्ती चालू ठेवायची. फीकोडच्या कंट्रोलमधून जवळचे आजार वगळले जातात हे विसरायचे नाही: सीओपीडीच्या कंट्रोलमध्ये दमा असलेले नसतात.

रुग्णालयातल्या कोडचा आणखी एक दोष. एकदा दाखल झाले की सोबतचे सगळे आजार कोड होतात; घरी असलेल्याचे तेच आजार कुठेच लिहिले जात नाहीत. त्यामुळे कोणतेही दोन आजार रुग्णालयाच्या नोंदीत खऱ्यापेक्षा जास्त जवळ दिसतात. प्राथमिक आरोग्यसेवेची नोंद जोडलेल्या लोकांत, जे जवळपास निम्मे आहेत, तोच फीवॉस पुन्हा लावला. फक्त रुग्णालयाच्या नोंदीत दिसणारे आणि इथे विरणारे संबंध करड्या रंगात.

१२ मार्च : टेबल गोठवणे

प्रत्येक जोडीच्या ओळीत असे रकाने: सहसंबंध व त्याची मानक त्रुटी, वारसाक्षमतेचे दोन झेड, क्रॉस इंटरसेप्ट, धूम्रपान दोन प्रकारे वजा केल्यानंतरचे आकडे, जुळणाऱ्या जागा आणि त्यांची दिशा, एमआर दोन्ही दिशांनी, एमयूसी५बी किंवा सीएचआरएनए५ वगळल्यावर काय झाले. शेवटचा रकाना शब्दांत, चारच पर्याय: सामायिक पार्श्वभूमी, धूम्रपानामार्गे, कारण असण्याची शक्यता, सांगता येत नाही.

जीईआरडी-आयपीएफ ओळीत सशर्त एफचा शेरा असल्याने 'कारण' हा शब्द घातलेला नाही, एकचल एमआर कितीही सुबक दिसले तरी. आयपीएफ-स्लीप ॲप्निया 'सांगता येत नाही'मध्ये. ओळ काढायची नाही, मोठी आयपीएफ फाइल आली की तीन ओळखीच्या एसएनपींपासून पुन्हा. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या, एलडी संदर्भाची फाइल, काढलेल्या एसएनपींची यादी आणि त्यामागचे कारण हे टेबलाशेजारच्या फोल्डरमध्ये ठेवले आहे. कारण न लिहिता काढलेला एसएनपी पुढच्या फेरीत परत आत घ्यायचा.